थेंब घातल्यावरची चाळीस मिनिटे

६ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी विक्रम उमाजी बिराजदार याच्या बचत खात्यात सदतीस हजार पाचशे रुपये जमा झाले. बावीस फेब्रुवारीला हैदराबादच्या गच्चीबावलीत होणाऱ्या लढतीच्या मानधनाची ही पाव रक्कम, आगाऊ. पिंजऱ्यात उतरल्याचे दीड लाख आणि जिंकल्यास आणखी दीड लाख, असा करार होता. चौदा लढती झालेल्या विक्रमला एवढा पैसा आजवर कोणी देऊ केला नव्हता.

बँकेचा संदेश त्याने तसाच बायकोला पाठवला. भाग्यलक्ष्मी तेव्हा कोठी भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात कामावर होती. चष्म्याचा नंबर काढणे आणि डॉक्टरांनी तपासण्याआधी रोग्यांच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना बाकावर बसवणे, हे तिचे काम. थेंबांनी बाहुली मोठी होते आणि मग डॉक्टरांना डोळ्याच्या मागचा पडदा पाहता येतो. त्याला चाळीस मिनिटे लागतात. तोवर रोग्याने डोळे मिटून बसायचे. "कळ्ळु मूसुकोंडी," डोळे मिटा, असे ती तेलुगूत दिवसातून पन्नास वेळा म्हणायची. नोकरीच्या अकरा वर्षांत घरी जेवायला वाढतानाही ते एकदोनदा तोंडातून निसटले होते.

संदेश वाचून तिला आनंद झाला. त्याच्या मागोमाग भीतीही वाटली. हे दोन्ही एकदम होण्याची तिला सवय होती. नवऱ्याची लढत ठरली की तिचे असेच व्हायचे.

विक्रमचे आजोबा भालकीकडचे शेतकरी. वडील उमाजी १९८६ साली हैदराबादला आले आणि नामपल्लीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बिल्टी, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायच्या कामाला लागले. नारायणगुड्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तिथेच १९९३ मध्ये विक्रम जन्मला. पोरगा अंगाने काडी. शाळेतून रोज मार खाऊन यायचा. दहाव्या वर्षी उमाजींनी त्याला जुन्या शहरातल्या एका तालमीत नेऊन सोडले. बायको पद्मावतीने विचारले, याला कुस्ती काय येणार? उमाजी म्हणाले, "कुस्ती नाही आली तर नाही. निदान पळायला तरी शिकंल."

तो कुस्ती शिकला. जिल्ह्याच्या दोन ढाली आणल्या. पण ढालींवर नोकरी मिळेना. बी.कॉम.चे दुसरे वर्ष अर्धवट सोडून तो एका मॉलमध्ये पहारेकरी म्हणून उभा राहिला. त्याच सुमारास तालमीतला त्याचा थोरला गुरुबंधू शिवराज याने नारायणगुड्यात, नळ-तोट्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर जिम काढली. शिवराज दिल्लीला राहून नवा खेळ शिकून आला होता. त्यात कुस्ती होती, मुष्टियुद्ध होते, लाथा होत्या, गळा आवळणे होते. जाळीच्या पिंजऱ्यात पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या. "तुझी कुस्ती आहेच," तो विक्रमला म्हणाला, "बाकीचं मी देतो. फक्त नाकाचा मोह सोड."

पहिली लढत २०१६ साली मलकपेठच्या एका फंक्शन हॉलमध्ये झाली. नवरा-नवरीचे सिंहासन जिथे ठेवतात तिथे पिंजरा उभा केला होता. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा अजून खांबांवर होत्या. विक्रमने एक मिनिट पन्नास सेकंदांत समोरच्याचा गळा धरून त्याला हार मानायला लावली. आयोजकाकडे दुसरे पाकीट नव्हते म्हणून चार हजार रुपये त्याने लग्नातल्या आहेराच्या पाकिटात घालून दिले. वर रुपयाचे नाणे चिकटवलेले. पद्मावतीने ते पाकीट देव्हाऱ्यात ठेवले आणि उमाजी वारले तरी ते तिथून हलवले नाही.

भाग्यलक्ष्मी उदगीरची. डोळे तपासण्याचा अभ्यासक्रम हैदराबादेत शिकली आणि इथेच नोकरीला लागली. २०१८ मध्ये स्थळ आले तेव्हा मुलगा जिममध्ये मास्तर आहे असे सांगण्यात आले होते. ते खोटे नव्हते. लग्नानंतर चार महिन्यांनी ती पहिल्यांदा त्याची लढत पाहायला गेली, दुसऱ्या रांगेत बसली. सहा सेकंदांत समोरच्याचे ढोपर विक्रमच्या भुवईला लागले आणि रक्त त्याच्या डोळ्यात उतरले. ती उठून बाहेर आली. तेव्हापासून तिची जागा ठरलेली. बाहेरच्या व्हरांड्यात, पाण्याच्या कूलरजवळ, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत. तीन फेऱ्यांची पंधरा मिनिटे, मधल्या विश्रांतीची दोन. सतरा मिनिटांत तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला की तिचा श्वास मोकळा व्हायचा. आत जिंकला की हरला हे ती नंतर विचारायची.

लढतीच्या आदल्या दिवसाची तिला त्याहून जास्त धास्ती. विक्रमचे नेहमीचे वजन अडुसष्ट किलो आणि काट्यावर चढायचे एकसष्टला. शेवटचे तीन-चार किलो अंगातले पाणी काढून उतरवायचे. त्यासाठी तो मीठ घातलेल्या कढत पाण्यात मानेपर्यंत बसायचा. ती न्हाणीच्या दाराबाहेर पाटावर बसून दर मिनिटाला त्याला काहीतरी विचारायची. नुसते "बरे आहात का" विचारून उपयोग नाही, त्याला माणूस झोपेतही हो म्हणतो. ती तेराचा पाढा विचारायची.

"तेरा साते?"

"एक्क्याण्णव."

"तेरा आठे?"

उत्तर यायला उशीर झाला की ती दार ढकलायची. दाराची आतली कडी तिने काढूनच टाकली होती.

एवढी सावध बाई एका गोष्टीत मात्र कायम गाफील राहिली. लढतीआधी डोळ्यांचा दाखला लागतो, थेंब घालून पडदा पाहिल्याचा, आणि तो दोन वर्षे चालतो. २०१९, २०२१ आणि २०२३ अशा तीन वेळा तो तिच्याच दवाखान्यातून गेला. तिन्ही वेळा विक्रम कामाच्या धांदलीत यायचा, तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचून दाखवायचा. थेंब घातले तर चार-पाच तास धूसर दिसणार, संध्याकाळचा सराव बुडणार. "घरचाच माणूस, रोज डोळ्यांसमोर आहे," असे म्हणून तिने दाखला लिहिला आणि डॉक्टर अनुराधा मॅडमनी "तू बघितलंस ना?" म्हणत सही केली. गावातल्या हजारो लोकांच्या डोळ्यांत थेंब घालणाऱ्या भाग्यलक्ष्मीने नवऱ्याच्या डोळ्यात एकही थेंब कधी घातला नव्हता.

१९ जानेवारीला, रविवारी, ती घर झाडत होती. कचऱ्याच्या डब्यात तिला एलईडीचे दोन दिवे सापडले. न्हाणीतला दिवा लुकलुकतो अशी विक्रमची आठ दिवसांपासून तक्रार होती. पहाटे पाचला पळायला जाण्यासाठी उठला की त्याला तो लुकलुकायचा. त्याने बारा तारखेला दिवा बदलला, सतराला पुन्हा बदलला. दिव्यावर वर्षाची हमी असते, फेकून कशाला द्यायचा म्हणून तिने पहिला दिवा स्वयंपाकघरात लावून पाहिला. तो स्वच्छ पेटला. पाच मिनिटे ती त्याच्याखाली उभी राहिली. तो हलला नाही. मग दुसरा लावला. तोही तसाच.

ती ओट्याला टेकली. दिवे चांगले होते.

विक्रम बाहेरच्या खोलीत उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग खात बसला होता. तिने आवाज नेहमीचा ठेवला.

"अहो, तो दिवा लुकलुकतो तो कुठल्या बाजूला?"

"डावीकडं. एकदम कडेला."

"दिवा तर मधोमध आहे."

त्याचा घास क्षणभर थांबला. "मग वायरिंग असंल," तो म्हणाला आणि पुढचे अंडे सोलू लागला.

"उद्या दवाखान्यात या. थेंब घालून बघू."

"आता? पाच आठवडे राहिले. रोज दोन येळा सराव चाललाय. थेंब घातले की मी अर्धा दिवस आंधळा. लढत झाली की घाल ना, बादलीभर घाल."

"काळे ठिपके दिसतात का? माश्या उडाल्यासारखे?"

"भाग्या," तो हसला, "मार खाणाऱ्या माणसाला ठिपके दिसत नसतील तर काय दिसंल? लढत होऊ दे. नको आता भेव घालू."

कडेला प्रकाश चमकणे, ठिपके उडणे, ही दोन वाक्ये बोलणाऱ्या रोग्याला ती रांग मोडून आत पाठवायची. पडद्याला भोक पडले असले की असे होते. भोकातून पाणी मागे शिरते आणि पडदा भिंतीवरच्या ओल्या कागदासारखा सुटत जातो. कधी महिना लागतो, कधी एक रात्र पुरते, आणि डोक्यावर एक ठोसा बसला तर तेवढेही लागत नाही. विक्रम रोज दोन वेळा ठोसे खात होता.

त्या दिवसापासून तिची झोप गेली. पहाटे तो उठला की ती पांघरुणातून ऐकत राहायची. न्हाणीत तो किती वेळ थांबतो, दाराच्या चौकटीला खांदा घासतो का. एकदा घासला. डावा.

चोवीस तारखेला दवाखान्यातून लवकर निघून ती जिमवर गेली. दारातूनच तिने पाहिले. शिवराज हातात ठोसे झेलायच्या छोट्या गाद्या धरून विक्रमला फिरवत होता. उजवीकडून येणारी गादी विक्रम वाऱ्यासारखा चुकवत होता. डावीकडून खालून येणारी त्याच्या बरगडीला लागल्यावरच त्याला कळत होती.

सराव थांबल्यावर तिने शिवराजला जिन्यात गाठले आणि दिव्यांची हकिकत सांगितली.

"वैनी, डावीकडून मार खायलाय, हे मला महिन्यापासून दिसायलंय," शिवराज म्हणाला. "मला वाटलं आळस आलाय. म्हणून त्याला उलट्या बाजूनं फिरायला शिकवलं. पंधरा दिवसांत किती सुधारला, विचारा कुणालाबी."

"तुम्ही त्यांचे पाय सुधारलेत, उस्ताद. त्यांना दिसत नाहीये."

शिवराजने गळ्यातल्या टॉवेलने तोंड पुसले. बराच वेळ पुसत राहिला. "डॉक्टरनं लेखी दिलं तर मी त्याला पिंजऱ्याच्या पायरीवरबी चढू देणार नाही, ही माझी जबान. पण लेखी देणार कोण? आजवर तर सगळं ठीक हाय म्हणून तुमच्याच दवाखान्याचा कागद येतोय की."

ती खाली येऊन नळाच्या दुकानासमोर रिक्षासाठी उभी राहिली.

दाखला दहा फेब्रुवारीच्या आत द्यायचा होता. कोरा फॉर्म विक्रमने तिच्या डब्याच्या पिशवीत घालून ठेवला. तो ती रोज दवाखान्यात न्यायची आणि तसाच परत आणायची. ३१ तारखेला त्याने विचारले, झाले का? ती म्हणाली, थेंब घातल्याशिवाय मी लिहिणार नाही. तो चिडला नाही, याचेच तिला जास्त भय वाटले. तो शांतपणे म्हणाला, "नको लिहू. दुसरीकडं पाचशे रुपयांत मिळतो. मला फक्त तुझ्या हातचा पायजे होता."

म्हणजे तिने नाही म्हटल्याने काहीच थांबणार नव्हते. बावीस तारखेला ती त्या कूलरजवळ उभी राहणार, सतरा मिनिटे मोजणार, आणि आत नवऱ्याचा डावा डोळा कायमचा जाणार.

तीन फेब्रुवारीच्या संध्याकाळी तिने सासूला सगळे सांगितले. पद्मावती चौसष्ट वर्षांच्या. ताटात तूर निवडत बसल्या होत्या. मोतीबिंदू पिकत आलेला, त्यामुळे खड्यांबरोबर चांगली डाळही बाजूला पडत होती.

"दोन्ही डोळे?" त्यांनी विचारले.

"सध्या डावा, आत्याबाई."

"सध्या म्हणजे?"

पद्मावतींनी ताट खाली ठेवले.

"तू सांगून ऐकला नाही?"

"नाही."

"माझंबी नाही ऐकायचा. सांगून ऐकणाऱ्यातला न्हाई तो." मग त्यांनी पुन्हा ताट मांडीवर घेतले आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "लहानपणी एरंडेल घ्यायचा नाही. आधी तू घे, मग मी घेतो म्हणायचा. सात वर्षं दर महिन्याला एरंडेल प्यालेय मी त्याच्यापायी. परवा बुधवारी मला दवाखान्यात ने. त्याला सांग, आईला घेऊन तूच ये म्हणून. मी रस्ता ओलांडायला भिते."

पाच फेब्रुवारीला सकाळी साडेदहाला विक्रम आईला घेऊन कोठीला आला. बाकावर जागा नव्हती. त्याला ओळखून एका तरुणाने उठून पद्मावतींना जागा दिली. भाग्यलक्ष्मी बाटली घेऊन आली.

"डोकं मागं करा, आत्याबाई."

पद्मावतींनी पदर डोळ्यांवर धरला. "नक्को गं बाई. आग होती म्हणे."

"आई, काय होत नाही," विक्रम म्हणाला. "दोन थेंब हायत."

"मग तू घे आधी."

"मी कशाला घेऊ? डोळे तुझे दाखवायचेत."

"एरंडेल तरी कुठं माझ्या पोटासाठी होतं? सात वर्षं प्याले की मी. आधी तू घे, मग मी घेते."

बाकावरची माणसे हसायला लागली. एक म्हातारे निजामी टोपीतले गृहस्थ म्हणाले, "ले लो मियाँ, अम्मा का हुकूम है."

"आई, मला संध्याकाळी सराव हाय."

"एवढी लोकांची थोबाडं फोडतोस," पद्मावती मोठ्याने म्हणाल्या, "आणि दोन थेंबांना भितोस व्हय रे?"

विक्रमने आईकडे पाहिले, मग बायकोकडे. दोघींपैकी कोणीही हसत नव्हते, आणि तेवढ्यावरून त्याला सगळे उमगले. तो आईच्या शेजारी जमिनीवरच बसला, डोके मागे बाकाला टेकवले आणि डोळे उघडे ठेवले. भाग्यलक्ष्मीने उजव्या डोळ्यात एक थेंब घातला, मग डाव्यात.

"कळ्ळु मूसुकोंडी," तिच्या तोंडून निघाले.

दहा वाजून बेचाळीस मिनिटे झाली होती. पुढची चाळीस मिनिटे तिला काम सोडता येत नव्हते. ती एकेका रोग्याच्या समोर जाऊन उभी राहत होती आणि दर खेपेला विक्रमकडे पाहत होती. टोपीवाल्या गृहस्थांचा थेंब डोळ्याऐवजी गालावर पडला. त्यांनी तो रुमालाने टिपला आणि म्हणाले, "कोई बात नहीं बेटी." पद्मावती मुलाच्या केसांवर हात ठेवून बसल्या होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते.

दुसऱ्यांदा थेंब घालायला ती त्याच्याजवळ वाकली, तेव्हा मिटल्या डोळ्यांनी तो हळूच म्हणाला, "भाग्या, आता लुकलुकत नाही."

"मग?"

"काळं आलंय. डाव्या डोळ्यात, कानाच्या बाजूनं, खालून वर. परवापासून. आज सकाळी जास्ती झालंय."

ती तशीच वाकून राहिली. त्याने चाचपडत तिचा हात धरला. त्याच्या त्याच हाताने आजवर नऊ माणसांना हरवले होते.

"सांगितलं का नाही?"

"तू बघशील म्हणून," तो म्हणाला. "तू बघितलं तर ते खरं असंल."

अकरा वाजून बावीस मिनिटांनी अनुराधा मॅडमनी त्याला आत घेऊन आडवे केले. कपाळावरचा दिवा लावला, हातात भिंग धरले. वर बघा, डावीकडे बघा, खाली बघा. भाग्यलक्ष्मी भिंतीला पाठ लावून उभी होती. मॅडम एकाच जागी तीन वेळा थांबल्या.

"पडदा वरच्या बाजूने सुटलाय," त्या म्हणाल्या. त्या पुण्याच्या, वाईट बातमी सांगतानाही शब्द सुटे-सुटे उच्चारायच्या. "दोन भोकं आहेत. मधला भाग अजून चिकटलेला आहे. एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हायला हवी. आजपासून धावणं नाही, वाकणं नाही."

"बावीस तारखेला लढत हाय, म्याडम."

"आता कुठलीच लढत नाही, विक्रम. हा डोळा वाचला तरी नाही."

तो छताकडे पाहत पडून राहिला. मॅडमनी दिवा विझवला आणि भाग्यलक्ष्मीला बाहेर बोलावले.

"सुटलेल्या भागाच्या कडेला जुनी रेघ आहे. यातलं एक भोक दीड-दोन वर्षांपूर्वीचं तरी असणार. मागच्या तिन्ही वेळा थेंब घातले होतेस का?"

"नाही."

"२०२३ ला पंधरा मिनिटांच्या लेझरमध्ये भागलं असतं." त्यांनी भिंग खिशात ठेवले. "सही माझी आहे," असे म्हणून पुढच्या रोग्याकडे वळल्या.

बाकावर पद्मावती वाट पाहत होत्या. सून जवळ आल्यावर त्यांनी आधी तिचा चेहरा न्याहाळला, जितका दिसत होता तितका. मग पदर डोळ्यांवरून बाजूला केला आणि डोके मागे टेकवले. "घाल," त्या म्हणाल्या. "शब्द दिलाय मी त्याला."

सात फेब्रुवारीला दुसऱ्या एका मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात वायू भरला होता, त्यामुळे दहा दिवस पालथे झोपायचे होते. चालतानाही मान खाली. पद्मावती ताट जमिनीवर सरकवायच्या आणि तो खाटेच्या कडेवरून हात खाली सोडून जेवायचा. शिवराज भेटायला आला की फरशीवर उताणा पडायचा, म्हणजे विक्रमला त्याचे तोंड दिसायचे. "पैलवान, आयुष्यात पहिल्यांदा तू वर आणि मी खाली," तो म्हणायचा. विक्रमच्या जागी दुसरा मुलगा उतरणार, हे त्यानेच तसे पडल्या-पडल्या सांगितले. बावीस तारखेला विक्रमने फोन आईकडे दिला आणि सकाळपर्यंत परत मागितला नाही.

त्या दहा दिवसांत भाग्यलक्ष्मी नवऱ्याच्या पाठीकडे पाहत जागी असायची. पट्टी निघाल्यावर काय दिसेल याची तिला भीती होती, आणि २०२३ च्या त्या पंधरा मिनिटांबद्दल तो एक दिवस विचारील याचीही. चौथ्या दिवशी तिनेच सांगून टाकले.

"येताना मीच म्हणायचो की, लवकर कर, सराव बुडंल," तो म्हणाला. "तेरा आठे विचार."

"काय?"

"विचार ना."

"तेरा आठे?"

"एकशे चार," तो म्हणाला आणि मग त्याचे खांदे हलू लागले. पालथा असल्यामुळे तोंड दिसत नव्हते.

डोळा वाचला. तक्त्यावरच्या खालच्या दोन ओळी डाव्या डोळ्याने त्याला आता वाचता येत नाहीत. उजव्या डोळ्याच्या कडेलाही पडदा दोन ठिकाणी विरलेला निघाला. तिथे लेझरने टाके घातले. चौदा लढती, नऊ विजय, पाच पराभव. तो आकडा आता बदलणार नाही. विक्रम शिवराजच्याच जिममध्ये संध्याकाळी सहा ते आठ मुलांना कुस्तीचे डाव शिकवतो आणि स्वतः कोणाचाही ठोसा अंगावर घेत नाही. त्या जिममधला कोणी लढायला निघाला की त्याला कोठीच्या बाकावर चाळीस मिनिटे बसावे लागते. घरचा असो वा परका.

भाग्यलक्ष्मी रोज सकाळी त्याच्या उजव्या डोळ्यावर हात ठेवते आणि दुसऱ्या हाताची बोटे त्याला मोजायला लावते. तो कंटाळतो, पण मोजतो. ऑगस्टमधल्या एका पहाटे न्हाणीतून त्याची हाक आली. हाकेचा सूर ऐकून ती अनवाणी धावली, दार ढकलले. तो टॉवेल गुंडाळून भिंतीला टेकून उभा होता, तोंडाचे पाणी पळालेले.

"लुकलुकायलंय," तो म्हणाला. "तुला दिसायलंय का? आधी बघ, मग बोल."

तिने वर पाहिले. दिवा दोनदा विझून पेटला. तिने डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाहिले. तो परत लुकलुकला.

"मलाही दिसतोय," ती म्हणाली. दोघेही तिथेच, ओल्या फरशीवर खाली बसले. पद्मावतींनी बाहेरून विचारले, काय झाले? "दिवाच बिघडलाय, आत्याबाई," ती म्हणाली.

दिवा हमीवर बदलून मिळाला. आयोजकांची आगाऊ रक्कम विक्रमने हप्त्याहप्त्याने परत केली. तिच्यातले दोन हजार तीनशे रुपये अजून द्यायचे आहेत.